मॅडम, तुमची फाइल बोलत नाही

गेल्या वर्षी एसवायबीएला अर्थशास्त्र शिकवताना वर्गात एक मुलगा होता, पूर्ण अंध, पहिल्याच बाकावर बसायचा. मी जूनमध्ये नोट्सची पीडीएफ ग्रुपवर टाकून मोकळी झाले होते, झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून घेतलेली ४२ पानं. आठवडाभराने तो स्टाफरूममध्ये आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमची फाइल बोलत नाही." लॅपटॉप उघडून त्याने एनव्हीडीए लावलं, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, दुसऱ्या सरांची फाइल घडाघडा वाचली गेली आणि माझी उघडली की सगळं चिडीचूप. स्कॅन केलेलं पान म्हणजे नुसता फोटो ना, त्यात वाचायला अक्षरंच नसतात. पण मला लागलं ते वेगळंच, मॅडमना कशाला त्रास म्हणून हा पोरगा आठवडाभर गप्प बसला होता.

मग विभागातल्या जुन्या नोट्स काढल्या तर त्या शिवाजी फॉन्टमधल्या, दिसायला मराठी पण आतून इंग्रजी अक्षरं, स्क्रीन रीडर तिथे भलतंच काहीतरी बडबडतो. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकालाही मराठी अक्षरं मराठी म्हणूनच कळतील अशा पद्धतीने, पुन्हा टाइप केलं. आणि गंमत बघा, त्याच्यासाठी केलेलं काम अख्ख्या वर्गाला उपयोगी पडलं. फाइल इतकी हलकी झाली की ज्यांचा डेटा संध्याकाळपर्यंत संपतो त्यांनाही उतरवता आली, शब्द शोधता यायला लागले, एक मुलगी तर मोबाइलला वाचायला लावून एसटीत ऐकत येते.

परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, ते हवंच, पण रोजच्या तासाचं काय? सवलत मागावी लागली की निम्मी मुलं मागतच नाहीत हे मी इतकी वर्षं बघतेय, म्हणून जे करायचं ते कोर्स आखतानाच करायला हवं असं मला आता मनापासून वाटतं.

बोलण्याचंही तेच. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या, त्यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात. मी करून बघितलं, ते तीन सेकंद खूप मोठे वाटतात हो! आता आधी शेजारच्याशी दोन मिनिटं बोला म्हणते, मराठीतच बोला, 'इलॅस्टिसिटी' (किंमत बदलली की मागणी किती बदलते ते) हा शब्द आठवला नाही तर बाजारात कांदा महागला की घरात काय होतं आणि मीठ महागलं की काय होतं ते सांगा. मागच्या बाकावरच्या मुली, ज्या वर्षभर तोंड उघडत नव्हत्या, त्या कांद्यावर तावातावाने भांडल्या.

इंटर्नलचं प्रेझेंटेशनही आता शेवटच्या तासाला ठेवत नाही, साडेचारची गाडी चुकली तर पुढची सातला, आणि मुलींच्या घरी ते चालत नाही. ज्याला सगळ्यांसमोर बोलायची धास्ती वाटते त्याने आवाज रेकॉर्ड करून पाठवला तरी मार्क तेवढेच.

तो मुलगा आता टीवायला आहे. परवा नवीन फाइल ग्रुपवर टाकायच्या आधी त्याला दिली, तर म्हणाला १७ व्या पानावरच्या तक्त्यात दोन रकाने एकत्र केलेत तिथे आकडे कुठल्या वर्षाचे तेच कळत नाही. आज तेच सोडवत बसलेय.