तुम्ही विचारलंत म्हणून: चिमुकल्यांच्या चित्रपुस्तकात मजा येते कशाने?

चित्रं इतकी देखणी असूनही बाळ दुसऱ्याच पानावर पुस्तक ढकलून देतं आणि एखादं साधंसं, पानाला चार शब्द असलेलं पुस्तक पुन्हा पुन्हा पुढ्यात आणून टाकतं, असं का होतं, हे आई-बाबा नेहमी विचारतात. त्या साध्या पुस्तकात मुलाला काहीतरी काम असतं. बोट ठेवायचं, आवाज काढायचा, लपलेलं शोधायचं, पान उलटायचं. देखण्या पुस्तकात बऱ्याचदा सगळं काम चित्रकाराने आणि लेखकाने करून ठेवलेलं असतं. मुलाच्या वाट्याला उरतं फक्त गप्प बसून ऐकणं, आणि दीड वर्षाच्या मुलाला तेच तर जमत नाही.

अगदी तान्ह्या बाळाचं काम म्हणजे नुसतं बघणं. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं, तेही ठळक असेल तर. म्हणून कोऱ्या पार्श्वभूमीवर एकच मोठा आकार, गडद कडा आणि माणसांचे चेहरे. फिकट गुलाबी ढगांमधले फिकट निळे ससे मोठ्यांना आवडतात, बाळाला ते दिसतच नाहीत. सहा महिन्यांनंतर पुस्तक तोंडात जातं, आणि ते जायचंच. नऊ महिन्यांची बाळं चित्रातल्या वस्तूवर हात घासतात, ती चिमटीत उचलू पाहतात. दीड वर्षाच्या पुढे हे कमी होतं आणि त्याच वस्तूकडे बोट दाखवणं सुरू होतं. अमेरिकेतल्या संशोधक जुडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली हे नोंदवलं आहे. तेव्हा या वयाला जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची, बाळाला दोन हातांत धरता येतील अशी लहान पुस्तकं द्या. चावून पुठ्ठ्याचे थर सुटायला लागले, तर पुस्तक बाजूला काढा, कारण सुटलेला तुकडा घशात अडकू शकतो. लाळेने ओलं झालं की जेमतेम ओलसर फडक्याने पुसा आणि पानं उघडी ठेवून उभं करून वाळवा. मिटवून ठेवलं तर पानं चिकटतात आणि उघडताना चित्राचा कागद सोलून निघतो.

वर्षाच्या आसपास मूल जाड पानं उलटू लागतं, पण एका वेळी दोन-तीन. कधी मागून पुढे. त्यामुळे या वयाच्या पुस्तकात समोरासमोरची दोन पानं स्वतःपुरती पुरी हवीत. आधीचं पान ऐकल्याशिवाय कळत नाही असा मजकूर इथे फसतो.

आता पान उलटण्याबद्दल. माझ्या मते पुस्तकातली निम्मी मजा इथे आहे आणि सगळ्यात जास्त पुस्तकं इथेच बिघडतात. वाचणारा मोठा माणूस शब्द बघत असतो, मूल चित्र बघत असतं. शब्द कानावर पडण्याआधीच चित्र बघून झालेलं असतं. बेडूक तळ्यात उडी मारतो ही गोष्ट घ्या. डाव्या पानावर काठावरचा बेडूक आणि उजव्या पानावर उडालेलं पाणी असं छापलं, तर पान उघडताक्षणी गुपित फुटलं. नंतर तुम्ही कितीही रंगवून वाचा, मुलाला शेवट ठाऊक आहे. तेच असं करा: उजव्या पानावर बेडूक दबा धरून बसलाय, डोळे पुढे रोखलेले, आणि खाली फक्त "एक… दोन… आणि…". पान उलटलं की दोन्ही पानं भरून पाणी आणि एकच शब्द, "छपाक!" पहिल्यांदा तुम्ही पान उलटाल. थोड्या दिवसांत मूल "आणि" ऐकताच स्वतः उलटेल, आणि छपाक त्याचंच असेल. दोन्ही पानांवर एकच चित्र पसरलं असेल तर बेडकाचा चेहरा मधल्या घडीत गेलेला नाही ना, तेवढं बघा.

दोन वर्षांच्या आसपास आणखी एक गंमत कळू लागते, ती म्हणजे पात्राला जे ठाऊक नाही ते आपल्याला दिसतंय. पडद्याखालून हत्तीची सोंड बाहेर आलेली आहे आणि शब्द म्हणतात, "हत्ती कुठे गेला बरं? मला तर कुठेच दिसत नाही!" मूल ओरडून सांगणारच. यासाठी शब्दांनी चित्राची री ओढायची नाही. "हत्ती पडद्यामागे लपला होता आणि त्याची सोंड दिसत होती," असं लिहिलं की मुलाला सांगायला काही उरलं नाही.

उघडायच्या झडपा आणि ओढायच्या पट्ट्या मुलांना आवडतातच, पण त्या मोजक्या बऱ्या. झडप पुठ्ठ्याची हवी, बोट घालायला अर्धगोल खाच हवी, नाहीतर मूल नखाने उचकटतं आणि घडीवरच फाटते. आणि शब्द शिकवण्यासाठी असं पुस्तक घेत असाल तर थांबा. उभी राहणारी चित्रं आणि तशा करामती असलेल्या पुस्तकांतून लहान मुलं कमी शिकतात, असं 2010 सालच्या एका अभ्यासात दिसलं. लक्ष हाताकडे जातं, शब्दाकडे राहत नाही. मजेसाठी मात्र खुशाल घ्या.

मजकूर समोरासमोरच्या पानांना एक-दोन ओळी, फार तर तीन. आपल्या भाषेत टपटप, खळखळ, भुर्र, धप्प, गडगड असे शब्द हवे तेवढे आहेत आणि ते बोलायला न लागलेल्या मुलालाही म्हणता येतात. यमकासाठी ओढाताण मात्र नको. "उंच उंच टेकडीवरी ससा चढे भरभरी" यात ऐकणाऱ्याला धरायला काही नाही. "ससा चढला, चढला, चढला… धप्प!" यात चढणंही आहे आणि पडणंही. पालुपद असेल तर ते दर वेळी शब्दशः तेच हवं. लेखकाला कंटाळा आला म्हणून तिसऱ्यांदा बदललं, की मुलाची म्हणायची जागा गेली.

तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर वाचा. 2011 साली तीन वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका प्रयोगात नवे शब्द सगळ्यांना सारख्याच वेळा ऐकवले होते. ते त्याच त्या गोष्टींतून ऐकलेल्या मुलांच्या जास्त लक्षात राहिले, वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकलेल्यांच्या कमी.

वाचताना पालुपदाच्या शेवटच्या शब्दाआधी थांबा. मनात पाच मोजा. मुलांना तेवढा वेळ लागतो आणि आपण घाईने दुसऱ्याच सेकंदाला शब्द म्हणून टाकतो. बोट मुंगीवर गेलं तर हत्ती सोडून मुंगीबद्दल बोला. "हे काय? ते काय?" अशी परीक्षा लावून धरू नका, त्याने पुस्तक मिटतं. पुस्तक निवडताना ते मोठ्याने एकदा वाचून बघा, चित्रांवरून बोट फिरवत. वाचताना मुलाने काही म्हणावं, दाखवावं किंवा उलटावं अशा तीन-चार जागाही सापडल्या नाहीत, तर ते पुस्तक ठेवून दुसरं उचला.