गिट्टी, फिशर आणि आपलं उद्यमनगर

घरात भिंतीला जे काही लटकलंय ना, आरसा, पडद्याचा रॉड, देवघराची फळी, टीव्हीचं स्टँड, ते सगळं बोटाच्या पेराएवढ्या एका प्लॅस्टिकच्या नळीनं धरून ठेवलंय. गिट्टी. हार्डवेअरच्या दुकानात कोण रावल प्लग मागतं, कोण फिशर मागतं, दुकानदार बहुतेक एकाच डब्यात हात घालतो. पण या दोन्ही नावांमागं हातानं काम करणारा एकेक माणूस आहे, आणि दोघांच्याही कामातनं जगभर माल विकणारी कंपनी उभी राहिली. मला यातली फिशरची गोष्ट फार आवडते, म्हणून आज तीच सविस्तर लिहितोय.

आधी गिट्टी नव्हती तेव्हा काय होतं ते सांगतो, कारण ते मी बघितलंय. माझे काका वायरमन. कोल्हापुरात मंगळवार पेठेत जुनी दगड-मातीची घरं, तिथं पट्टीचं वायरिंग करायचं म्हणजे आधी छिन्नी-हातोडीनं भिंतीत चौकोनी भोक पाडायचं, मग लाकडाचा तुकडा तासून त्यात ठोकायचा, बाजूनं सिमेंट भरायचं, ते वाळलं की मग त्या लाकडात स्क्रू. एक स्विचबोर्ड बसवायला अर्धा दिवस जायचा. आणि कोल्हापूरचा पाऊस म्हणजे लाकूड फुगणार, उन्हाळा आला की तेच लाकूड सुकून आखडणार, दोन-तीन वर्षांत बोर्ड हलायला लागणार. काका म्हणायचे, "आरं, भिंत पक्की, स्क्रू पक्का, मधलं लाकूडच दगा देतंय बघ."

नेमकी हीच अडचण लंडनमध्येही होती. तिथं ब्रिटिश म्युझियममध्ये विजेचं फिटिंग करायचं होतं पण भिंती खराब करायच्या नव्हत्या. जॉन रॉलिंग्ज नावाच्या ठेकेदारानं 1911च्या सुमाराला तागाच्या धाग्यांची, आत पोकळ असलेली बारीक नळी बनवली, धागे चिकटवायला जनावराचं रक्त वापरलं होतं म्हणे. छोटं भोक, त्यात नळी, नळीत स्क्रू, स्क्रू आत शिरला की नळी फुगून भिंतीला घट्ट. बस्स. रॉलप्लग कंपनी, म्हणजे आपल्या तोंडातलं रावल प्लग, त्यातनंच निघाली, आता ती पोलंडच्या लोकांकडं आहे.

आता फिशर. आर्टुर फिशर, जन्म 31 डिसेंबर 1919, जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टच्या भागात टुमलिंगन नावाचं खेडं आहे तिथला. वडील शिंपी. हा पोरगा कुलपं आणि लोखंडकाम शिकला, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत फिटर. कॉलेज नाही, इंजिनिअरिंगची डिग्री नाही. महायुद्धात गेला, कैदेत पडला, 1946 मध्ये घरी परत आला तर देश सगळा मोडून पडलेला. 1948 मध्ये त्यानं गावातच स्वतःचं वर्कशॉप टाकलं, लष्करी भंगारातनं शेगडी पेटवायचे लायटर आणि कापडाच्या मागाला लागणारे स्विच बनवायचा.

त्याचा पहिला मोठा शोध गिट्टी नव्हताच. त्याला आपल्या तान्ह्या मुलीचा फोटो काढून घ्यायचा होता, आणि त्या काळी फ्लॅश म्हणजे मॅग्नेशियमची पावडर पेटवायची, घराला आग लागायची भीती. तर यानं काय केलं, कॅमेऱ्याचं बटण दाबलं की त्याच क्षणी फ्लॅश पेटेल असं उपकरणच बनवलं, 1949 मध्ये, आणि आग्फा कंपनीनं ते घेतलं. त्या पैशानं वर्कशॉप वाढलं.

मग 1958, नायलॉनची गिट्टी. नायलॉन तेव्हा नवीन होतं. एक गिट्टी हातात घेऊन नीट बघा, खरंच बघा. पुढनं उभी चिरलेली असते, म्हणजे स्क्रू आत शिरला की दोन्ही बाजू फाकतात आणि भोकाच्या भिंतीवर दाबल्या जातात. बाहेरनं दातेरी असते, त्यामुळं सहज सुटून येत नाही. आणि बाजूला दोन छोटे पंख आहेत बघा, ते कशाला? स्क्रू पिळताना गिट्टी भोकात गोल फिरू नये म्हणून! हे पंख टेबलावर बसून कुणाला सुचणार नाहीत, ज्यानं स्क्रू पिळताना गिट्टी सोबत फिरताना बघितली त्यालाच सुचणार. आणि नायलॉन लाकडासारखं पावसात फुगून उन्हाळ्यात सैल पडत नाही, स्वस्तातल्या प्लॅस्टिकसारखं लवकर तडकतही नाही. काकांनी पहिल्यांदा ड्रिल मशीन आणि ही गिट्टी वापरली तेव्हा बोर्ड लावून झाल्यावर त्याला धरून लोंबकळून बघितलं होतं, विश्वासच बसेना त्यांचा.

पुढं फिशरनं हजारावर पेटंट आणि तत्सम नोंदण्या केल्या. मोडलेलं हाड जोडायची गिट्टीसुद्धा त्यात आहे. गिऱ्हाइकांच्या पोरांना नाताळात काहीतरी द्यावं म्हणून जोडणीचे खेळ बनवले, ते 1960च्या दशकात फिशरटेक्निक म्हणून बाजारात आले, आज इंजिनिअरिंग कॉलेजातसुद्धा त्यावर ऑटोमेशन शिकवतात. 1980 मध्ये कारभार मुलाकडं दिला. 2014 मध्ये त्याला युरोपियन इन्व्हेंटर अवॉर्ड मिळालं आणि 2016 मध्ये 96व्या वर्षी तो गेला. कंपनीचं मुख्य ऑफिस अजून त्याच खेड्याच्या परिसरात आहे आणि माल जातोय जगभर.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की वस्तू चांगली होती हे तर झालंच, पण तो प्रत्येक वेळी नोंदणी करत गेला, आपलं नाव त्या वस्तूवर ठेवलं, आणि एका शोधाचा पैसा पुढच्या शोधात घातला. आपल्याकडं हीच कडी तुटते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या वस्तीत, कुठल्याही गाळ्यात जा, मिस्त्रीनं स्वतःच्या डोक्यानं बनवलेला एखादा जिग, एखादं फिक्स्चर (पार्ट नीट धरून ठेवायची साधनं) दिसेलच, पार्ट दुप्पट वेगानं निघतोय, आणि विचारलं तर म्हणतोय, "त्यात काय एवढं भावा, अडलं म्हणून केलं." अरे, फिशरनं पण अडलं म्हणूनच केलं होतं! याच गावात बाबूराव पेंटरांनी 1918च्या सुमारास दामल्यांच्या मदतीनं सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, तेही मूळचे मेस्त्रीच. हात आपल्याकडं पहिल्यापासनं आहेत. इथलं कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेले पार्ट, देशभरच्या गाड्यांत बसतंय, पण त्यावर नाव दुसऱ्याचं.

म्हणून ज्यांचे गाळे आहेत त्यांच्यासाठी कामाचं तेवढं लिहितो. पेटंटचा अर्ज ऑनलाइन करता येतो, एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला अर्जाची मूळ फी 1600 रुपये आहे, पुढं तपासणीची फी वेगळी. डिझाईन पूर्ण झालं नसेल तर आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकायचा, त्यानंतर पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात. मिळालं तर पेटंट अर्जाच्या तारखेपासनं 20 वर्षं. फक्त एक करा, अर्ज टाकायच्या आधी त्या वस्तूचा व्हिडिओ इन्स्टावर टाकू नका आणि प्रदर्शनात मांडू नका, कारण एकदा ती जगजाहीर झाली की नवीन म्हणून दावा करणं फार अवघड जातं.