गोधडीची उलटी बाजू

आजीच्या दोन सुती नऊवारी माझ्या कपाटात सहा वर्षं घडी घालून पडल्या होत्या. एक जांभळी, काठाशी विरलेली. दुसरी हिरवी, पदराजवळ तिनं स्वतः रफू केलेली. बहिणीच्या लेकीला सातवा लागला तेव्हा मी जाहीर करून टाकलं की बारशाला ह्या साड्यांचीच गोधडी देणार. आजी हातानं धावदोरा घालायची, कडेपासून आत आत येत. तेवढी चिकाटी माझ्यात नाही, म्हणून मशीनवर शिवायची ठरवली. मशीन साधं घरगुती, मोटारीचं. पडदे, उशांचे अभ्रे, फार तर परकर, एवढंच त्यानं आजवर पाहिलेलं.

वर जांभळी, खाली हिरवी, मधे जुन्या चादरीचे दोन थर. फरशीवर ताणून पसरलं, हातानं कच्चे टाके घातले आणि रविवारी दुपारी पहिली टीप मारली. वरून बघितलं तर सुरेख, सरळ, दाणेदार टाके. खुशीत उलटं केलं आणि पोटात गोळाच आला. हिरव्या बाजूला दोऱ्याची जाळी झाली होती. टाका असा नव्हताच, नुसती सैल वेटोळी. बोट अडकवून ओढलं तर अख्खी टीप सरकन बाहेर आली.

इथे मी जी चूक केली ती बहुतेक सगळे करतात. घाण खाली दिसतेय, म्हणजे खालचंच काहीतरी बिघडलंय! बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी, काढली आणि तिच्या पत्तीवरचा तो मुंगीएवढा स्क्रू पिळायला घेतला. आधी घट्ट केला, मग सैल, मग मूळचा कुठे होता तेच विसरले. त्यानं भागेना म्हणून वरचं टेन्शनचं, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणारं, चाक फिरवलं. चारवर होतं, सातवर नेलं, मग थेट नऊवर. जाळी जशीच्या तशी. नऊवर नेऊनही तसूभर फरक पडत नाही, ह्यातच खरं उत्तर होतं, पण तेव्हा डोकं तापलेलं. तीन संध्याकाळी मी शिवत आणि उसवत बसले. विरलेल्या नऊवारीतून टीप उसवणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. दोऱ्याबरोबर कापडही निघून येतं.

दुरुस्तीवाल्यांना बोलावलं. त्यांनी तेल घातलं, पडद्याच्या तुकड्यावर एक टीप मारून बघितली, चारशे रुपये घेतले आणि जाताना म्हणाले, "ह्या मशीनवर गोधडी व्हायची नाही, मोठं मशीन घ्या." पडद्याच्या तुकड्यावरची त्यांची टीप मात्र दोन्हीकडून चांगली आली होती. त्यांनी दोरा नव्यानं ओवला होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी रीळ बदललं, पुन्हा ओवलं, आणि पुन्हा जाळी.

शेवटी तळमजल्यावरच्या काकूंकडे गेले. काकू तीस वर्षं ब्लाउज शिवताहेत. त्यांनी माझी जाळी चष्मा कपाळावर सरकवून बघितली आणि बॉबिन केसकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"दोरा कसा ओवतेस ते दाखव बघू."

मी ओवून दाखवला. त्या हसल्या. "अगं, फूट खाली ठेवून ओवतेस होय? मग दोरा आत जाणार कसा?"

गोष्ट एवढीच होती. वरचा दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांमधून जातो. प्रेशर फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरतं ते, वर असलं की चकत्या उघड्या असतात आणि दोरा मधे जाऊन बसतो. फूट खाली असलं की त्या एकमेकींना चिकटतात आणि दोरा वरच्यावर, बाहेरून निघून जातो. मग चाक नऊवर ठेवा नाहीतर शून्यावर, दोऱ्याला पकड म्हणून नाहीच. वरचा दोरा मोकाट सुटला की खालचा त्याला ओढून नेतो आणि सगळी वेटोळी खाली साठतात. म्हणजे दोष वरचा आणि पसारा खाली. खालचा दोरा वर दिसायला लागला, तर मात्र वरचा जास्त घट्ट आहे किंवा खालचा सैल.

काकूंनी खात्री कशी करायची तेही दाखवलं. फूट वर ठेवून ओवायचं, आणि सुईत घालायच्या आधी दोरा हातानं ओढून बघायचा. सहज येतो. मग फूट खाली करून पुन्हा ओढायचा. आता तो अडला पाहिजे, ओढताना हाताला जोर लागला पाहिजे. अडत नसेल तर तो चकत्यांमधे गेलेलाच नाही. दहा सेकंदांचं काम, आणि मी तीन दिवस घालवले होते.

"आणि तो स्क्रू कोणी पिळला?" काकूंनी विचारलं. मी गप्प.

त्यांनी बॉबिन केस हातात घेतली, दोऱ्याचं टोक धरून ती लोंबती धरली आणि मनगटाला हलका झटका दिला. केस सरसर खाली जाऊन जमिनीला टेकली. फारच सैल. नखानं चाचपून त्या म्हणाल्या, "पत्तीखाली कचरा आहे." जुन्या जाहिरातीच्या जाड कागदाचा कोपरा पत्तीखालून फिरवला तर मऊ राखाडी भुसकटाची एक वळीच बाहेर आली. जुन्या सुती कापडाचा भुसा असा उडतो आणि नेमका तिथे जाऊन बसतो. पत्ती त्याच्यावर टेकते, दोऱ्यावर नाही. टाचणीनं कोरू नये म्हणाल्या, पत्तीवर चरा पडला की दोरा कायमचा अडकत राहतो. मग स्क्रू थोडा थोडा घट्ट केला, दर खेपेला घड्याळाचा काटा पाच-दहा मिनिटं सरकावा इतकाच, आणि प्रत्येक वेळी झटका देऊन बघितलं. केस आपण होऊन घसरत नाही, झटका दिला की इंच-दोन इंच उतरते आणि थांबते, तिथे सोडून दिला.

पुढची युक्ती मला सगळ्यात आवडली. त्याच चार थरांचा वीतभर तुकडा घ्यायचा आणि वर लाल दोरा, खाली पांढरा, दोन्ही एकाच जाडीचे. वर पांढरे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन कमी करायचं, खाली लाल ठिपके दिसले तर वाढवायचं. दर वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तुकड्यावरच पेनानं आकडा लिहायचा. माझ्या तुकड्यावर ५, ४, साडेतीन असे आकडे आहेत, आणि गंमत म्हणजे शेवटी चाक पुन्हा चारवरच आलं. तरी चारवरही खाली बारीकसा लाल कण डोकावतच होता. काकू म्हणाल्या, "साडीच्या गोधडीत एवढं चालायचंच." दोन दोऱ्यांची गाठ थरांच्या मधोमध लपायला हवी. मधे कापूस असला तर तिला जागा असते. इथे चार पातळ थर, लपणार कुठे? म्हणून काकू गोधडीला वर-खाली एकाच रंगाचा दोरा वापरतात. मी जांभळा घेतला.

सुईही बदलायला लावली. माझी १४ नंबरची होती, पाकिटावर ९०/१४ लिहिलेली. ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडी. कडेला साडीचे काठ दुमडून सहा-सात थर होत होते, तिथे टाके सुटत होते. १६ची घातली, सुटायचे थांबले.

सरळ टिपा दोन दिवसांत झाल्या. मग मला हौस सुचली, मधे मोठ्या कोयऱ्या काढायच्या. मशीनचे कापड सरकवणारे दात खाली केले, भरतकामाचं गोल फूट लावलं, कापड हातानं फिरवायला लागले आणि पहिल्या कोयरीतच तीच जाळी! ह्या वेळी ओवणं नीट होतं, ओढून बघितलं होतं. ते गोल फूट कापडाला घट्ट टेकत नाही, जरा वरच तरंगतं, त्यामुळे ते खाली आहेसं वाटतं. फूट वर-खाली करायची दांडी मी खाली केलीच नव्हती. म्हणजे चकत्या उघड्याच. दुसऱ्या वाटेनं तोच खड्डा.

दांडी खाली केली, जाळी गेली. तरी कोयरीच्या वळणावर मागच्या बाजूला पापण्यांच्या केसांसारखे बारीक दोरे उभे राहत होते. सरळ भागात टाका उत्तम, वळणावरच हे. चाकाला हात लावायचा मोह झाला, पण लावला नाही. वळणावर माझे हात घाईनं फिरत होते आणि पाय मात्र पायडलवर आपोआप हलका पडत होता. सुई हळू, कापड वेगात, मग दोरा आडवा ओढला जाणार नाही तर काय. उलट केलं: मोटर एकसारखी चालू ठेवली आणि वळण आलं की हात सावकाश. सातव्या कोयरीपर्यंत जमलं. पहिल्या तीन अजून तशाच आहेत. उसवल्या असत्या तर हिरवी नऊवार फाटली असती.

बारशाला गोधडी पाळण्यात अंथरली. बायका कोयऱ्यांचं कौतुक करत होत्या. काकूंनाही बोलावणं होतं. त्यांनी बाळाच्या पायाशी आलेला कोपरा उचलला, उलटा केला, त्या तीन कोयऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इथपर्यंत हात घाईत होते ना?"