४४७३ नंबरचा फॉर्म आणि त्यातली एक चौकट

अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक घ्यायची तर गिऱ्हाइकाला ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म भरावा लागतो. त्यात एक प्रश्न असा: न्यायालयाने किंवा तशा अधिकाऱ्याने तुम्हाला कधी मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलं आहे का, किंवा सक्तीने मनोरुग्णालयात दाखल केलं आहे का? हो की नाही, एवढंच लिहायचं. प्रत्येक मोठ्या गोळीबारानंतर 'मेंटल हेल्थ'वर दिवसेंदिवस चर्चा चालते, पण बंदूक विकत घेताना केंद्राचा कायदा मनाच्या आजाराकडे पाहतो तो बहुतेक या एका चौकटीतूनच.

ही चौकट फार अरुंद आहे. नैराश्यावरची औषधं चालू असणं, थेरपिस्टकडे जाणं, स्वतःहून भरती होणं, यातलं काहीच तिच्यात मोडत नाही. माझ्या मते हे योग्यच आहे. उपचार घेतले म्हणून बंदूक जाणार असं कळलं, तर बंदूक बाळगणारा माणूस डॉक्टरची पायरीच चढणार नाही. शिवाय अमेरिकेतल्या एकूण हिंसेत गंभीर मानसिक आजाराचा वाटा अभ्यासकांच्या हिशेबाने चार टक्क्यांच्या आसपास आहे. आजारी माणसांची यादी लांबवून गोळीबार थांबतील ही आशा या आकड्यापुढे टिकत नाही.

पण बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाचं नाव केंद्राच्या ज्या यादीशी ताडून पाहतात, त्या यादीत जे नाव असायलाच हवं, तेही सुटतं. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जण मारले गेले. त्यांत मुंबईहून आर्किटेक्चर शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. मारेकऱ्याला डिसेंबर २००५ मध्येच न्यायाधिकाऱ्याने 'स्वतःच्या जिवाला धोका' ठरवून बाह्यरुग्ण उपचारांचा आदेश दिला होता. केंद्राच्या कायद्याने तो बंदूक घ्यायला अपात्र होता. मात्र राज्याकडून केंद्राच्या यादीत जायची ती सक्तीने भरती झालेल्यांची नावं, बाहेरून उपचार घेणाऱ्यांची नाही. त्याने दोन पिस्तुलं घेतली आणि दोन्ही वेळा तपासणीत पास झाला. आदेश कागदावर होता, तो कागद पुढे गेलाच नाही. नोंदी पाठवण्यासाठी राज्यांना पैसे देणारा कायदा आला तो २००८ च्या जानेवारीत.

तपासणीला मुदतही आहे. तीन कामाचे दिवस उलटले आणि उत्तर आलं नाही, तर केंद्राच्या कायद्याने दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल असंच मिळालं होतं. तिथे अडकलेली नोंद अमली पदार्थांच्या प्रकरणाची होती, मनाच्या आजाराची नव्हे. २०२२ च्या कायद्याने २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकासाठी, नोंदी खणायची गरज दिसली तर, ही मुदत दहा कामाच्या दिवसांपर्यंत वाढवली.

हे सगळं खरेदीच्या वेळचं. बंदूक आधीच घरात असेल तर? एप्रिल २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आयला व्हिस्टात एका तरुणाच्या काळजीपोटी पोलीस त्याच्या दारात गेले. तो शांतपणे, नीट बोलला. पोलीस परत फिरले. बंदुका आतच होत्या. २३ मे ला त्याने सहा जणांचा जीव घेतला. त्यानंतर कॅलिफोर्नियाने 'रेड फ्लॅग' कायदा केला, म्हणजे धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक न्यायालयाच्या हुकुमाने काही काळ काढून घेण्याचा कायदा. तो जानेवारी २०१६ पासून लागू आहे. असा पहिला कायदा कनेक्टिकटचा, १९९९ चा.

कॅलिफोर्नियात मराठी घरं बरीच आहेत, म्हणून तिथलीच रीत सांगतो. अर्जाचा नंबर जीव्ही-१००. फी नाही. घरचे, एकत्र राहणारे, नोकरी देणारे मालक, ठरावीक अटींवर सहकारी आणि शिक्षक, तसंच पोलीस अर्ज करू शकतात. न्यायाधीश सहसा त्याच दिवशी किंवा न्यायालयाच्या पुढच्या दिवशी तात्पुरता हुकूम देतात किंवा नाकारतात. हुकूम हातात पडल्यावर बंदुका आणि काडतुसं पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे २४ तासांत जमा करायची आणि पावती ४८ तासांत न्यायालयात द्यायची. साधारण २१ दिवसांत सुनावणी होते, दोन्ही बाजू ऐकल्या जातात, आणि हुकूम कायम झाला तर तो एक ते पाच वर्षांचा असतो.

अर्ज फसतो तो बहुतेक भाषेमुळे. 'तो डिप्रेशनमध्ये आहे' या वाक्याने काही होत नाही, डॉक्टरांचं निदान लागतही नाही. न्यायाधीश पाहतात ते अलीकडची धमकी, मारहाण, जुना मोडलेला हुकूम, नुकतीच घेतलेली बंदूक, दारू. 'मंगळवारी रात्री नऊला जेवताना तो म्हणाला, शुक्रवारी ऑफिसात सगळ्यांना दाखवतो. पिस्तूल बेडरूमच्या कपाटात, वरच्या खणात असतं', असं लिहावं. मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसकट जोडावेत. दुसरी चूक म्हणजे बंदुका जमा झाल्या की हायसं वाटून सुनावणीला न जाणं. मग तात्पुरता हुकूम संपतो आणि बंदुका परत घरी येऊ शकतात.

समोरच्याचं ऐकण्याआधी बंदूक काढून घेतली जाते, हा आक्षेप मी हलका मानत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला तो हक्क आहे, आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यासारखा मागून मिळणारा परवाना नव्हे. म्हणून तर सुनावणी महत्त्वाची, आणि खोटा अर्ज गुन्हा आहे. घरगुती हिंसाचाराच्या हुकुमाखाली असलेल्याकडून बंदूक काढून घेता येते, असा निकाल २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी दिला.

राज्य बदललं की रीत बदलते. फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर, २०१८ मध्ये कायदा आला, पण अर्ज फक्त पोलीसच करू शकतात. बऱ्याच राज्यांत असा कायदाच नाही. मेन राज्यात बंदूक काढून घ्यायची तर आधी पोलिसांनी माणसाला ताब्यात घेऊन वैद्यकीय तपासणी करवावी लागे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या लुइस्टनला गोळीबारात १८ जण मारले गेले, त्याआधी घरच्यांनी आणि सैन्यातल्या साथीदारांनी सावध केलं होतं, पण ताब्यात घेण्याची पहिली पायरीच झाली नाही.

आता ज्याची बातमी होत नाही ते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या आहेत. २०२२ मध्ये सुमारे ४८ हजारांतल्या २७ हजार. बंदुकीने केलेला प्रयत्न दहातल्या आठ-नऊ वेळा जीव घेतो. ती ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते, म्हणून मधलं कुलूप जीव वाचवतं. केबल लॉक लावताना बंदूक आधी पूर्ण रिकामी करावी, चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासावा, केबल चेंबरमधून किंवा मॅगझिनच्या खोबणीतून अशी ओवावी की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, बंदच होणार नाही. भरलेल्या बंदुकीच्या चापाभोवती केबल गुंडाळणं हे कुलूप नव्हे. काडतुसं वेगळ्या कुलपात. तिजोरीचा आकडा मुलाची जन्मतारीख नको, आणि किल्ली मोज्यांच्या खणात तर नकोच, मुलांना तो खण माहीत असतो. घरातलं कोणी खचलेलं असेल तर त्या काळापुरती बंदूक घराबाहेर ठेवता येते का, हे पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे विचारावं. मित्राकडे परस्पर देणं काही राज्यांत बेकायदा आहे. ९८८ हा आत्महत्येच्या विचारांत किंवा मानसिक संकटात मदत देणारा नंबर दिवसरात्र चालतो, आणि फक्त काळजीत असलेल्या नातेवाइकानेही तिथे फोन करायला हरकत नाही.

एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावरच्या माणसाला शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर बंदूक बाळगताच येत नाही. त्यामुळे आपल्याकडे हा विषय 'आपला नाहीच' असं धरलं जातं. मूल मात्र शनिवारी रात्री मित्राकडे झोपायला जातं. शेंगदाण्याची ॲलर्जी सांगायला फोन करालच, तेव्हाच विचारा: तुमच्या घरी बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते का?