सांगली ते न्यूयॉर्क : आईच्या गोळ्यांसाठी मांडलेला हिशेब

ताईकडे न्यूयॉर्कला आई एकटीच निघाली होती. वय सत्तरीच्या पुढं, बीपी आणि शुगर दोन्ही. विश्रामबागेतल्या आमच्या डॉक्टरांनी तिकीट बघितलं आणि एवढंच विचारलं, "एका गोळीपासून दुसऱ्या गोळीपर्यंत नेमके किती तास जाणार, ते लिहून आणा."

तिकिटावर मुंबईहून निघायचं रात्री 1.30 ला, पोहोचायचं त्याच तारखेला सकाळी 7.30 ला. दिसायला सहा तास, पण दोन्ही वेळा ज्या त्या गावच्या. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. आईचं जाणं जूनमधलं, म्हणून 7.30 मध्ये साडेनऊ मिळवले. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच. म्हणजे प्रवास साडेपंधरा तासांचा.

अंतरावरूनही ताळा करून बघितला. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण 12,500 किलोमीटर. ताशी 900 च्या वेगानं चौदा तास व्हायला हवेत. मग वरचा दीड तास कुठला? धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं त्यात आलंच, पण मोठा वाटा वाऱ्याचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. आईला वाटत होतं की पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते, त्यामुळे तसं होत नाही.

मुलीच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून आईला वाट दाखवली, तो भाग मला फार आवडला. भिंतीवरच्या नकाशात वाट अरबस्तानावरून जाईल असं वाटतं. दोरा मात्र सिंधवरून तुर्कमेनिस्तान, मॉस्कोच्या जवळून नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि मग कॅनडा असा गेला. विमान अगदी याच वाटेनं जात नाही. वारे बघावे लागतात, काही देशांचं आकाश बंद असतं. एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना पाकिस्तानवरून जाता येत नाही, त्यामुळे कोणत्या कंपनीचं तिकीट आहे त्यावरही वेळ बदलतो.

घरापासूनचा हिशेब निराळा. पेठनाक्यावरून कराड, सातारा, पुणे करत मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या पुढं. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं, म्हणून सांगली दुपारी बाराला सोडायची. तिथून विमान उतरेपर्यंत एकोणतीस तास, वर इमिग्रेशनची रांग. विमानाचे साडेपंधरा तासच धरून गोळ्या लावल्या असत्या तर सगळं कोलमडलं असतं.

डॉक्टरांनी या तासांवर जेवण आणि गोळ्या बसवून दिल्या. दर दोन तासांनी उठून चार पावलं चालायचं, पाणी पीत राहायचं, हेही सांगितलं. गोळ्या हातातल्या पिशवीत, सोबत चिठ्ठी. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवली. आईच्या कागदावर दोन रकाने केले, एक सांगलीच्या वेळेचा, एक न्यूयॉर्कच्या. त्याचा फोटो ताईला पाठवला.

परतीचा कागद वेगळा करावा लागला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि आईचं तिकीट त्यानंतरचं. तिथून दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मुंबई. पंचवीस तासांतून साडेदहा वजा केले, साडेचौदा उरले. तो कागद ताईनंच डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवून तपासून घेतला.