काळ्या दगडाचे मग

शरद ऋतू लागला की माझ्या किल्ल्यावर व्यापाऱ्यांचा तांडा येतो आणि माझी धांदल उडते. किल्ला अर्थातच लॅपटॉपमधला. टार्न आणि झॅक ॲडम्स या दोन भावांनी २००६ साली लोकांपुढे आणलेला 'ड्वार्फ फोर्ट्रेस' नावाचा गेम. सात बुटके डोंगर पोखरून आत राहायला लागतात, आणि तांडा दारात येईपर्यंत विकण्याजोगं काहीतरी घडवून ठेवायचं असतं. कशाचं घडवायचं, हाच माझा दरवर्षीचा घोळ.

नाशिककराला दगडाचं काय अप्रूप? आपली पांडवलेणी बसाल्टातच कोरलेली, काळाराम मंदिरही काळ्या दगडाचंच. गेममध्येही बसाल्ट आहे आणि त्याचा भाव तिथे सगळ्यांत खालचा, १. पण खोदकामात तो आपसूक निघतो, पायात येतो. शिवाय एका दगडातून तीन मग होतात. कारागिराचा हात बसला की तोच मग दर्जाप्रमाणे दुप्पट, तिप्पट, अगदी पाचपट भाव घेतो. म्हणून मी वर्षानुवर्षं दगडी मगच विकत आलोय. एवढ्या मगांतून पितं कोण, देव जाणे. खाटिकखान्यातल्या हाडांचीही कंकणं होतात. पण आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळे या धंद्याबद्दल आईला काही सांगितलेलं नाही.

वसंतात एल्फ येतात. झाडांवर जीव असलेली माणसं, लाकडाची वस्तू पुढे केली की भडकतात. हे माहीत असल्यामुळे मी एकदा मुद्दाम दगडी मगांची अख्खी पेटी त्यांच्यापुढे ठेवली. पेटीसकट. पेटी लाकडाची होती. एल्फ अपमान झाल्यासारखे उठून गेले आणि मी कपाळाला हात लावून बसलो.

धातूंचे भाव पहिल्यांदा पाहिले तेव्हा छपाईची चूक वाटली. तांबं २, पितळ ७, चांदी १०, सोनं ३०, आणि ॲल्युमिनियम ४०! ज्याच्या पातेल्यात आमचा चहा उकळतो, ते सोन्याच्या वर? मग वाचलं, की एकेकाळी खरोखरच तसं होतं. १८८४ साली अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मारकाचं टोक ॲल्युमिनियमचं बसवलं, तेव्हाही ते दुर्मिळच होतं. १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने ते स्वस्तात वेगळं काढायची रीत सापडली आणि पुढे ते पातेल्यांवर आलं. माझ्या बुटक्यांकडे वीज नाही, म्हणून त्यांच्याकडे भाव अजून चढाच आहे.

हे सगळं डोक्यात असतानाच परवा आईबरोबर भांडी बाजारात जावं लागलं. माळ्यावरची तांब्या-पितळेची जुनी भांडी मोडीत काढायची होती. दुकानदाराने ती दोन ढिगांत घातली. इथे तांब्याचा दर पितळेपेक्षा जास्त, म्हणजे गेमच्या बरोब्बर उलटा. मी हे त्याला सांगणार होतो, पण आईच्या नजरेकडे पाहून गप्प बसलो.

काटा लावला. परातीवर किती सुबक ठोके होते! कुण्या तांबटाने दिवसभर बसून घातलेले असणार. त्यांचे काही नाहीत. नवीन घेताना घडणावळ आपल्याकडून घेतात, जुनं देताना फक्त वजन. माझ्या किल्ल्यावर असा व्यवहार झाला असता तर मी व्यापाऱ्याला मगांसकट हाकललं असतं.

ढिगात शेवटी एक पितळी तपेली निघाली. तोंडाशी पोचा आलेला, बाजूला आजीचं नाव आणि तारीख ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेली. अक्षरं निम्मी झिजलेली. काट्यावर ठेवायला दुकानदाराने हात पुढे केला.

"ती नाही," आई म्हणाली.

"काकू, कल्हईसुद्धा गेलीय हो हिची. ठेवून करणार काय?"

"नाही म्हटलं ना."

माझ्या किल्ल्यात एक महापौर आहे. त्याला मधूनच लहर येते आणि तो एखादी वस्तू बाहेर विकायला बंदी घालतो. कधी कंकणं, कधी मुकुट. कारण विचारायची सोय नाही, आणि मोडलं तर कुणीतरी बुटका तुरुंगात जातो. मी आजवर त्याला शिव्याच घालत आलोय.

तपेली पिशवीत घालून मी उचलली. चांगलीच जड होती. रिक्षात आईने ती पिशवी मांडीवर घेतली आणि रविवार कारंजा येईस्तोवर ती पदराच्या टोकाने तपेलीवरचं नाव पुसत राहिली.