मैदानाच्या आदल्या रात्री वळीव आला तर

चैत्रात गावोगावच्या यात्रा लागल्या की माण-खटावपासून खानापूर-आटपाडीपर्यंत बैलगाडी शर्यतींची मैदानं सुरू होतात आणि वळवाचे दिवसही नेमके तेच. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेसारखं मार्गशीर्षातलं मैदान बहुतेक कोरडं जातं, तरी बंगालच्या उपसागरात काही शिजत असेल तर डिसेंबरातही आभाळ भरतं. पत्रकं वाटून झालेली, मंडप उभा, लांबून बैल घेऊन पिकअप निघालेले, आणि रात्री नऊला वारं सुटतं. मग जी धावपळ होते तिच्यात निम्मी मैदानं पावसानं नाही, घाईनं जातात.

आधी अंदाजाचं बोलू. हवामान खात्याच्या भाषेत 'मुसळधार' म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलीमीटरच्या वर. मैदानाला एवढा लागत नाही. वीस मिनिटांत १५ मिलीमीटर पडला तरी सैल केलेली धावपट्टी गेली. शिवाय जिल्ह्याचा इशारा आपल्या कामाचा अर्धाच. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि दहिवडीला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, पण इशाऱ्याचा पिवळा रंग दोघांना एकच. म्हणून आदल्या दिवशी इशारा बघावा, आणि मैदानाच्या दिवशी दर तीन तासांचा तातडीचा अंदाज. पाऊस मोजायला सरळ बाजूचा कुठलाही पत्र्याचा डबा मैदानाच्या मधोमध, झाडामंडपापासून लांब ठेवा. आत जेवढे मिलीमीटर पाणी साचलं तेवढा पाऊस. कोण म्हणतं 'लय झाला', कोण म्हणतं 'शिंतोडं पडलं', त्यापेक्षा डबा खरा बोलतो.

हिशेब एकदा करून ठेवावा. धावपट्टी समजा ३०० मीटर लांब आणि सात चाकोऱ्या (एका गाडीला एक चाकोरी) धरून ३० मीटर रुंद. म्हणजे ९,००० चौरस मीटर. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. २५ मिलीमीटर झाला की २ लाख २५ हजार लिटर पाणी त्या पट्टीवर उतरलं. दहा हजार लिटरचे बावीस टँकर. हे बादल्यांनी आणि मड पंपानं उपसायची गोष्ट नाही. ते आपल्या पायानं निघून जाईल अशी वाट आधीच करून ठेवावी लागते.

त्यात पहिला चर वरच्या अंगाचा. माळाला उतार असतोच, आणि वरच्या रानाचं पाणी ताल (बांध) फोडून थेट पट्टीवर येतं. पट्टीवर पडलेल्या पावसापेक्षा हे बाहेरून आलेलं पाणी कितीतरी पटीनं जास्त असू शकतं. म्हणून वरच्या बाजूला पट्टीपासून पंधरा-वीस फूट लांब, दीड-दोन फूट खोल चर काढून तो कडेच्या ओघळीला जोडायचा. तोंड मोकळं आहे का ते दोन बादल्या पाणी ओतून बघा. पुष्कळ ठिकाणी जेसीबीवाला चर सरळ काढून देतो, पण शेवटी तो कुठंच उघडत नाही. असा चर म्हणजे लांबलचक हौद. दुसरा चर खालच्या अंगाला, तोही पट्टीला खेटून नको. निदान दहा फूट सोडून. बैल बुजून बाहेर वळला तर उघड्या चरात पाय जातो आणि नडगी मोडते. पट्टी आणि चर यांच्यामध्ये बांबूचं बॅरिकेड हवंच, आणि जिथं माणसांची ये-जा आहे तिथं चरात पाइप टाकून वर मुरूम.

पट्टीला मधोमध थोडी पाठ द्यावी. टक्काभर उतार पुरतो, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतच्या १५ मीटरला अर्धा फूट. त्याहून जास्त दिला तर गाडी कडेला ओढते. पण यात एक गोम आहे: पाठ दिली की पाणी कडेला सरकतं आणि एक व सात नंबरची चाकोरी जास्त वेळ ओली राहते. चिठ्ठीत ज्याला ती आली त्याचं नशीब, असं म्हणून भागत नाही. पाऊस झालेला असेल तर कडेच्या दोन चाकोऱ्या सोडून पाचच गाड्या सोडाव्यात. गट वाढतील, वेळ जाईल, पण भांडण होणार नाही.

अंदाज पावसाचा असताना पट्टीवर कुळव किंवा रोटाव्हेटर घालू नये. एरवी बैलाच्या पायाला मऊ लागावं, फुफाटा बसावा म्हणून माती हलवून, पाणी मारून फळी ओढतात. ते कोरड्या दिवसाला बरोबर. पावसाच्या आदल्या दिवशी तीच सैल माती स्पंजासारखं पाणी पिते. आधीच हलवलेली असेल तर संध्याकाळपर्यंत फळी ओढून हलका रोलर फिरवा, म्हणजे वरून पाणी घरंगळेल. रोलर कोरड्या मातीवरच. ओल्यावर फिरवला की काळ्या मातीची वीट होते, वरून गुळगुळीत, आतून पाणी कोंडलेली.

ताडपत्रीचं खूळ दरवर्षी कुणाच्या तरी डोक्यात येतं. ३० बाय ४० फुटांची एक ताडपत्री १११ चौरस मीटर झाकते. अख्ख्या पट्टीला ऐंशीच्या वर लागतील, आणि वाऱ्यात त्या धरणार कोण? झाकायची ती फक्त सुट्टीची, म्हणजे गाड्या जिथून सुटतात ती जागा. तिथं बैल उभे राहून जागच्या जागी जोर लावतात, माती तिथंच तुडवली जाते आणि पाय तिथंच सरकतो. चार ताडपत्र्यांत पट्टीची सगळी रुंदी आणि ४० फूट लांबी झाकली जाते. एकीवर दुसरी दोन फूट चढवा, कडांवर वाळूची पोती ठेवा. दगड ठेवू नका. सकाळी एखादा पट्टीत राहतोच. काढतानाही पाणी कडेला नेऊन सांडा. वर तळं साचलेली ताडपत्री ओढून सुट्टीच्याच जागेत रिकामी करणारे महाभाग कमी नाहीत.

आता पाऊस पडून गेला. पहिलं काम म्हणजे काहीच न करणं: ट्रॅक्टर नाही, माणसांची रांग नाही, 'जरा फेरी मारून बघू' म्हणणारा बुलेटवाला तर नाहीच. एका टायरची खूण पुढं पाणी धरून ठेवते. साचलेलं पाणी रबरी वायपरनं चराकडं ढकलायचं, एवढंच. डबक्यात कोरडी माती टाकू नये. तिचा लगदा होतो आणि तो दोन दिवस वाळत नाही. पाणी काढा, वरचा बुळबुळीत इंचभर थर फावड्यानं खरवडून बाहेर टाका, मग वर चाळलेला बारीक मुरूम इंच-दीड इंच. चाळलेलाच. खडा असेल तर तो बैलाच्या खुराच्या फटीत बसतो. वाळवा-पलूसकडं कारखान्याची बगॅस टाकायची सूचना हमखास येते. ती दहा मिनिटं पाणी शोषते आणि मग पायाखालून चटईसारखी सरकते. भाताचं तूस तसंच. कळीच्या चुन्याला हात लावू नका, ओल्यात तो खूर आणि डोळे दोन्ही भाजतो.

थांबायचं किती, याचं उत्तर शेतकऱ्याला विचारायची गरज नाही, त्याच्याकडं शब्दच आहे: वाफसा, म्हणजे माती ओलसर पण चिकटत नाही अशी अवस्था. माणातल्या मुरमाड बरडावर २० मिलीमीटर पडून ऊन लागलं तर तीन-चार तासांत पट्टी धरते. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत तोच पाऊस दोन-तीन दिवस घेतो, मग मंडप कितीचा का असेना. पारख अशी: चार-पाच इंच खोलवरची माती मुठीत घेऊन गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून पसरला तर वाफसा. गोळा तसाच राहिला तर थांबा. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये दाबून दोन इंचांची पट्टी निघत असेल तर त्या दिवशीचं विसरा. ही पारख प्रत्येक चाकोरीत दर २५ मीटरला करायची. वरवर बघून फसगत होते, कारण वाऱ्यानं वरचा इंचभर थर सुकून पांढरा पडतो आणि खाली लोणी असतं. पहिले दोन गट व्यवस्थित पळतात, तोवर खपली फुटते, तिसऱ्या गटात बैल बसतो. पुण्याच्या रेसकोर्सवर भर पावसाळ्यात घोडे पळतात ते गवताच्या मुळ्यांनी माती धरून ठेवलेली असते म्हणून, आणि तिथं पेनेट्रोमीटर जमिनीत घालून नरमाई मोजतात. आपल्याकडं मुळ्या नाहीत. मूठ तेवढी आहे.

चिखलात गाडी सोडू नये हे नियमातही आहे. २०१७ च्या राज्याच्या नियमांत धावपट्टी १,००० मीटरच्या आत असावी आणि ती चिखलाची, दलदलीची नसावी असं आहे.

मैदान सुरू झालं तरी ओलसर पट्टीवर काही गोष्टी बदलाव्या लागतात. निशाणापलीकडं गाडी थांबायला एरवी जेवढी जागा ठेवता तिच्या दीडपट ठेवा, आणि तिथली माणसं मागं हटवा. पत्री (लोखंडी नाल) मारलेला बैल ओल्या चिकणावर जास्त सरकतो. सुती दोर भिजला की आखडतो, म्हणून कोरड्यात बेतानं बांधलेली जुपणी पावसात गळ्याला आवळते. गाडी सुट्टीला लावताना दोन बोटं आत जातात का बघा. जू आणि खांदा दोन्ही कोरडे पुसा, ओला खांदा एका फेऱ्यात सोलतो. पिकअपच्या फळीवर पोतं टाकल्याशिवाय बैल उतरवू नका.

वीज मात्र वेगळी. तिथं वाफसा-बिफसा काही नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप मोबाइलवर असू द्या. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत ३० सेकंदांच्या आत वेळ लागला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, मैदान थांबवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. बैल झाडाखालून आणि लोखंडी साखळीवरून सोडा. जवळ वीज पडली की जमिनीतून करंट पसरतो, आणि पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्यानं जनावराला तो माणसापेक्षा जास्त बसतो.

निम्म्यात थांबलं तर पुढं काय, हे पत्रकातच छापलेलं असावं. आपल्याकडं गट, सेमी, फायनल अशी चढती पद्धत असल्यानं सकाळचा कोरडा गट आणि दुपारचा ओला गट यांची थेट तुलना होत नाही, हे एक बरं. पुणे जिल्ह्यातल्या घाटात (तिकडं शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात) सेकंदावर नंबर ठरतो, तिथं पाऊस आला की आधीचे-नंतरचे सेकंद एका पंगतीला बसत नाहीत. झालेले गट कायम, अर्धवट गट पुन्हा, प्रवेश फी परत मिळणार की पुढं धरणार, हे चार ओळींत लिहा. इंग्लंडात २००८ साली चेल्टनहॅमच्या महोत्सवात सोसाट्याच्या वाऱ्यानं बुधवारच्या घोडशर्यती रद्द झाल्या, तर त्यातल्या बऱ्याचशा गुरुवार-शुक्रवारी घुसवल्या. आपली परवानगी ठरावीक तारखेची असते, म्हणून राखीव दिवस अर्जातच मागून ठेवावा.

आणि रान कुणाचं तरी असतं. ओल्यात पडलेल्या चाकोऱ्या काळ्या मातीत वाळल्या की दगड होतात. वाफसा आल्याबरोबर, वाळून कडक व्हायच्या आत, एक नांगरट कमिटीच्या खर्चानं करून द्यावी आणि दोन्ही चर मालकाच्या पेरणीआधी बुजवावेत. वरच्या अंगाचा चर बऱ्याचदा मालकच म्हणतो राहू द्या.